मेख न ठोकता

अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत जाऊन आले असं सांगितलं की ओळखीतला प्रत्येक गिर्यारोहक एल कॅपिटनचंच विचारतो. सुमारे नऊशे मीटरचा तो सलग कडा आहेच तसा. त्याच्या शेजारी आणखी काही चढण्याजोगं असेल हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आम्ही चढलो तो त्याच्या पूर्वेला, रस्त्यापासून पाच-दहा मिनिटांवर झाडीत दडलेला एक बुटका कातळ. त्याचं एक नाव रेंजर रॉक. पण चढणारे त्याला मॅन्युअर पाइल बट्रेस म्हणतात, कारण एके काळी दरीतल्या तबेल्यांमधली लीद त्याच्या पायथ्याशी आणून टाकली जात असे. लीद कधीच नाहीशी झाली, नाव मात्र चिकटून राहिलं.

या कातळावर ‘नटक्रॅकर’ नावाचा मार्ग आहे. उंची दीडशे-पावणेदोनशे मीटर, टप्पे पाच, श्रेणी ५.८. अमेरिकन पद्धतीत पाच हा आकडा दोर लावून करायच्या कातळचढाईचा आणि ठिपक्यापुढचा आकडा काठिण्याचा. ठिपक्यापुढे आता १५ पर्यंत मजल गेलेली असल्यामुळे ८ म्हणजे बेताचाच. तरीही सुट्टीच्या दिवशी या मार्गाच्या पायथ्याशी रांग लागते. १९६७ च्या मे महिन्यात रॉयल रॉबिन्स आणि त्याची पत्नी लिझ हा मार्ग पहिल्यांदा चढले, आणि चढताना त्यांनी एकही मेख ठोकली नाही. भेगांत नुसत्या पाचरी अडकवायच्या, त्यांत दोर ओवायचा, मागून येणाऱ्याने त्या काढून घ्यायच्या. हातोड्याचा आवाज हीच ज्या दरीची ओळख होती, तिथे ही गोष्ट नवी होती.

माझा भाचा सॅन होजेला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी कातळावर असतो. तो नाशिकला शाळेत असताना त्र्यंबकच्या वाटेवरच्या एका छोट्या कातळावर त्याच्या कमरेला पहिला दोर मी बांधला होता. आता अंतिम शब्द त्याचा. “मावशी, लीड माझा, तू सेकंड,” असं त्याने फोनवरच सांगून टाकलं होतं; म्हणजे पुढे तो चढणार, मागून मी. दुसऱ्या टप्प्यावर मला लीड द्यायचं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे मी तिकीट काढलं.

मुक्काम कँप ४ वर. उंच पाइन वृक्षांखाली धुळीची मैदानं, मधूनमधून घराएवढे धोंडे, आणि अस्वलांपासून खाणं वाचवायला लोखंडी पेट्या. दातांची पेस्टसुद्धा त्या पेटीत ठेवावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कातळचढाई घडली ती बरीचशी या धुळीत. म्हणून २००३ साली या तळाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. आमच्याकडे ज्याला इतिहास म्हणतात त्याला तट, बुरूज, निदान एखादी तोफ असते. इथे शौचालय, नळ आणि धोंडे.

ती खंडेनवमीची संध्याकाळ होती. आमच्या गिर्यारोहण क्लबात त्या दिवशी दोर, हार्नेस, हातोडे, मेखा सतरंजीवर मांडून हळदकुंकू वाहायची रीत आहे. भाच्याने ताडपत्री पसरली आणि सामान मांडलं. मी पाहत राहिले. हातोडा नव्हता. मेखा नव्हत्या. होते ते अ‍ॅल्युमिनियमचे छोटे-छोटे नट, प्रत्येकाला तारेचा फास, नखाएवढ्यापासून दोन बोटांच्या जाडीपर्यंत मापाने ओळीत लावलेले. नट म्हणजे खाली निमुळती होत गेलेली पाचर. भेग जिथे वर रुंद आणि खाली अरुंद होते तिथे ती वरून घालायची, तारेला हिसडा देऊन खाली ओढायची. लीडर पडला तर दोर तिला खालीच खेचतो, म्हणजे ती आणखी घट्ट बसते. एका बाजूला तीन-चार स्प्रिंगचे कॅमही होते. रे जार्डिनने शोधलेली ही युक्ती १९७८ मध्ये ‘फ्रेंड्स’ या नावाने बाजारात आली आणि समांतर कडांच्या भेगांचाही प्रश्न तिने सोडवला.

“हे कशाला? १९६७ सारखं चढायचं ठरलंय ना?”

“मागे लटकवून ठेवतो. आईला कबूल केलंय.”

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. शेवटी त्याने टोकाला छोटा आकडा असलेली एक चपटी पोलादी पट्टी माझ्या हातात ठेवली. अडकलेले नट खालून ढोसून सैल करायचं हे अवजार. “हे तुझं शस्त्र. उद्या सीमोल्लंघन.” जवळ फूल नव्हतं. हळदकुंकवाची पुडी मात्र मी नाशिकहून नेली होती.

मी शिकले ती चढाई आवाजाची होती. भेगेच्या तोंडाशी मेख धरायची आणि हातोडा घालायचा. मेख आत जाऊ लागली की तिचा स्वर चढत जातो. टण, टण्ण, टिण्ण. स्वर चढत गेला तर मेख बसली, मध्येच भद्द झाला तर आत पोकळ आहे, काढा. लीडर नजरेआड असला तरी खाली दोर धरून बसलेल्याला त्या आवाजावरून कळायचं की आता त्याच्या जिवात जीव आला असेल. भेगच सापडली नाही तर एका हाताने ड्रिल धरून दुसऱ्याने ठोकत छिद्र पाडायचं आणि बोल्ट बसवायचा. सह्याद्रीचा बसॉल्ट म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. आडव्या कंगोऱ्यांची, गवताच्या पट्ट्यांची त्यात रेलचेल, पण वरपासून खालपर्यंत धावणारी स्वच्छ उभी भेग दुर्मीळ. जी असते तिच्यात माती, मुळं आणि बहुधा कुणाचं तरी बिऱ्हाड.

योसेमिटीचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, त्यामुळे त्याचे कण डोळ्यांना दिसतील एवढे मोठे आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले. वरचं ओझं झिजून गेल्यावर हा दगड प्रसरण पावला आणि त्याला लांबच लांब चिरा पडल्या. पुढे हिमनद्यांनी दरी खरवडून त्या चिरा उघड्या केल्या. त्यामुळे भेगेमागून भेग चढत जाण्याची कला इथे वाढली, आणि सुरुवातीला तीही हातोड्यावरच.

१९४० च्या दशकात जॉन सालाथे नावाच्या स्विस वंशाच्या लोहाराने फोर्ड गाडीच्या आसाच्या पोलादापासून मेखा घडवल्या. युरोपातली मऊ लोखंडाची मेख एकदा ठोकली की बहुधा तिथेच राहायची. सालाथेची मेख काढून पुन्हा ठोकता यायची. चढाईच्या दृष्टीने ही मोठी प्रगती, कातळाच्या दृष्टीने संकट. दोरसोबत्यांची प्रत्येक जोडी तीच मेख त्याच जागी ठोकणार, मागून येणारा ती दोन्ही बाजूंनी हाणून काढणार, पुढच्या आठवड्यात दुसरी जोडी. काही वर्षांत नखाएवढी चीर बोटाएवढी झाली. याच दरीत सेरेनिटी क्रॅक नावाची भेग आहे. तिच्यावर ओळीने भोकं आहेत आणि आजचे चढणारे त्या भोकांत बोटं घालूनच ती चढतात. ज्या जखमांबद्दल सगळे हळहळतात त्यांच्याच आधाराने सगळे वर जातात. तिच्या पायथ्याशी जाऊन मी ती भोकं खालून पाहून आले. आमच्या किल्ल्यांवरच्या खोदीव खोबण्या आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत. फरक एवढाच, की त्या कुणीतरी ठरवून खोदल्या होत्या.

रॉबिन्स या हातोडेवाल्यांमधला अग्रणी. १९५७ मध्ये हाफ डोमची वायव्य भिंत पहिल्यांदा चढलेल्या तिघांतला तो एक, १९६१ मध्ये एल कॅपिटनवरचा सालाथे वॉल हा मार्ग काढणाऱ्या तिघांतलाही एक. १९६६ मध्ये तो ब्रिटनला गेला. तिथले लोक आधी भेगेत खडे अडकवून त्यांना दोरी बांधत. पुढे स्नोडन पर्वताच्या छोट्या रेल्वेमार्गालगत पडलेले यंत्राचे नट खिशात टाकू लागले, असं सांगतात. आटे घासून काढायचे, भोकातून दोरी ओवायची, झाली पाचर. रॉबिन्स ही चीजवस्तू घेऊन परतला आणि पुढच्याच वर्षी पत्नीबरोबर या शेणखताच्या कड्यावर चढला. ही पद्धत रुळली ती आणखी पाच वर्षांनी. इव्हॉन शुइनार्डचा मेखा घडवण्याचा धंदा जोरात चालला होता. त्याच्याच कंपनीच्या १९७२ च्या कॅटलॉगात मेखा सोडा आणि नट वापरा असं आवाहन आलं, आणि सोबत नट कसे बसवावेत यावर डग रॉबिन्सनचा दीर्घ लेख. स्वतःच्या सर्वांत खपाऊ मालाविरुद्ध बोलणारा कॅटलॉग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

दसऱ्याच्या सकाळी उजाडता उजाडता आम्ही पायथ्याशी होतो. आमच्या पुढे एक जोडी होती. ती दिसेनाशी होईपर्यंत थांबलो. पहिल्या टप्प्याची सुरुवातच परीक्षा पाहणारी आहे. भेगेची एक कड धरून अंग बाहेर झुकवायचं, हातांनी स्वतःकडे ओढायचं आणि पाय समोरच्या दगडावर दाबायचे. हा दगड अर्धशतकाहून अधिक काळ बुटांनी घासला जाऊन जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालेला. भाचा फुसफुसत वर गेला. मध्ये थांबला, कमरेवरच्या ओळीतून एक नट काढला, भेगेत घातला, पुन्हा काढला, त्याहून लहान घातला, हिसडा दिला, दोर ओवला. मी कान देऊन ऐकत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं. तारेचा बारीक किणकिणाट, बस. दोर हातातून सरकतोय एवढाच निरोप.

मग वरून हाक आली, “ये!”

पहिल्याच हालचालीला माझ्या हातांची पंचाईत झाली. सह्याद्रीत माझे हात कंगोरा शोधतात, खोबण शोधतात, धरण्याआधी हलवून बघतात. इथे धरायला काही नव्हतं. बोटं भेगेत घालायची, अंगठा खाली ठेवायचा आणि कोपर खाली आणायचं. बोटं पिळली जाऊन आतच अडकतात. अडकण्यावर भरवसा ठेवून वजन टाकायला मन तयार होत नाही. पायांचं तसंच. बुटाचं टोक तिरकं आत घालायचं आणि घोटा सरळ करायचा. दुखतं. दुखतंय म्हणजे नीट बसलंय, असं भाच्याने आदल्या रात्री सांगितलं होतं. त्याचा अर्थ चार-पाच मीटर चढल्यावर कळला.

पहिला नट आला. तो काढण्याचं काम माझं. नट ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो, म्हणून आधी निरखून बघावं लागतं: वरून घातलाय की बाजूने सरकवलाय, कुठल्या खड्याला टेकलाय, कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे. पट्टीने खालून हलकेच ढोसलं, तो उचकला, रुंद जागेत आला, बाहेर. कमरेला लटकवला. जिथे तो होता तिथे पुन्हा पाहिलं. दगडावर ओरखडासुद्धा नव्हता.

असे एकामागून एक नट काढत जाताना माझ्या लक्षात आलं की मी भाच्याची चढाई वाचते आहे. जिथे तो निवांत होता तिथे दोन नटांमध्ये लांब अंतर, आणि दोर कोपऱ्यावर घासू नये म्हणून प्रत्येकाला नीट लांब पट्टा जोडलेला. मग एका उथळ कोपऱ्यात हातभर अंतरावर दोन नट. वरचा तर असा खेचून बसवलेला, की पट्टीने ढोसून माझी बोटं सोलली तेव्हा निघाला. मेखांच्या चढाईत हे कळत नसे. मेख घाबरून ठोकलेली असो की निवांतपणे, काढताना सारखीच हाणावी लागते. वर पोहोचल्यावर मी विचारलं, “त्या कोपऱ्यात पाय थरथरत होते ना?”

“दोर ओढला का मी?”

“नाही. नटांनी चहाडी केली.”

तो हसला, पण थोडा लाजलाही. इतकी वर्षं मी दोर धरून वर बघत त्याला ओळखत आले, आणि तो मोठा झाल्यावर कसा घाबरतो हे मला ग्रॅनाइटच्या भेगेतून समजलं.

दुसरा टप्पा सोपा आहे, म्हणून ठरल्याप्रमाणे माझा. नटांचा जुडगा कमरेला अडकवून निघाले. बोल्ट लावलेल्या मार्गावर चढताना नजर पुढचा बोल्ट शोधते. एकदा चकाकता ठिपका दिसला की मधला कातळ म्हणजे नुसता प्रवास. इथे तसा ठिपका नाही. भेग कुठे अरुंद होते, कुठे तिच्या पोटात मुरड आहे, कुठे वरून दिसायला छान असलेली जागा आतून बाहेरच्या बाजूला उघडी आहे, हे बघत बघत जावं लागतं. भेगेची एकही वीत न बघता ओलांडून चालत नाही. माझ्या वेगाने चिडून खालचे लोक काय म्हणत असतील याची काळजी सुरुवातीला होती, नंतर विसरले. एका जागी भेगेची रुंदी माझ्या डोळ्याने जोखलेल्या नटाशी तंतोतंत जुळली. तो आत गेला, थोडा खाली सरकला आणि थांबला. हिसडा दिला. तार ताणली गेली, नट हलला नाही. स्वर नाही, काही नाही. नुसता तो तिथे होता. पोटात अशी शांतता मला टिण्ण वाजणाऱ्या मेखेनेही कधी दिली नव्हती.

थोडं वर सरकून बैठकीच्या जागी पोहोचले आणि तीन नटांचा अँकर रचला. प्रत्येकाची ओढ एका बिंदूत यावी, एक निघाला तरी बाकीच्यांवर झटका बसू नये, हे जुनं गणित तेच. भाचा मागून येऊ लागला. मध्येच बराच वेळ थांबला. पट्टीचा खडखडाट, एक दबका शब्द, पुन्हा खडखडाट.

“मावशी, हा मेख समजून बसवलास का?”

“पडले असते तर त्यानेच धरलं असतं ना?”

“ट्रक धरला असता त्याने!”

तिसऱ्या टप्प्यात मार्ग बोटाएवढ्या चिरा आणि उतरत्या सपाट दगडांवरून इकडेतिकडे होत जातो. तिथे मला एक परका नट भेटला. तार गंजून काळी पडलेली, डोकं भेगेत रुतलेलं. कुणा सेकंडला तो काढता आला नव्हता आणि तो तसाच राहिला. मी पट्टी घातली, खालून ढोसला, दुसऱ्या नटाने पट्टीवर ठोकून पाहिलं. वरून भाचा ओरडला, “सोड गं, सगळ्यांनी प्रयत्न केलाय!” निघाला नाहीच.

मग नजर इतर खुणांवर जाऊ लागली. भेगेच्या दोन्ही कडांना चढणाऱ्यांच्या हाताच्या पावडरीचे पांढरे पट्टे. वाटेतल्या एका झाडाच्या खोडावर दोराने सोललेली साल. बुटांनी चकचकीत केलेली प्रत्येक पायठेव. मेख न ठोकण्याच्या शपथेला पन्नास वर्षं उलटली आणि कातळ तरीही झिजलाच. पायथ्याशी रांग लागल्यावर दुसरं काय होणार? मेखांविना चढण्याला ‘स्वच्छ चढाई’ म्हणतात; हे शब्द मला तिथे थोडे जास्त स्वच्छ वाटले. पण सेरेनिटी क्रॅकची भोकं मी पाहिली होती. त्या भोकांपुढे हा गुळगुळीतपणा पुष्कळ बरा. इथली भेग अजून भेगच आहे. रॉबिन्स दांपत्याने नट जिथे अडकवले असतील तिथेच आजही नट अडकतात, आणि उद्या येणाऱ्यालाही तोच प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.

चौथ्या टप्प्यापर्यंत ऊन चढलं. हा कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे, ऑक्टोबरातही तापतो. मागे वळलं की समोर मिडल कॅथीड्रलची करडी भिंत, खाली मर्सेड नदीचं हिरवं वळण, आणि रस्त्यावरून सरकणाऱ्या गाड्या, ज्यांतले प्रवासी सगळे एल कॅपिटनकडे बघत असणार. आमच्याकडे बघायला कुणी नव्हतं, आणि हे मला फार आवडलं.

शेवटच्या टप्प्यावर या मार्गाची बदनाम जागा आहे. कातळाला एक फुगवटा आलाय. त्याच्या वरच्या काठावर तळवे टेकायचे, अंग उचलून हात ताठ करायचे, मग एक पाय हातांच्या शेजारी आणून त्याच्यावर उभं राहायचं. ताकदीचं काम नाही, तोल साधायचा आहे. अडचण अशी की फुगवट्याखालीच एक पायरी आहे. निसटलात तर दोर ताणला जाण्याआधी पाय तिथे आपटण्याची शक्यता, आणि इथे मोडलेल्या घोट्यांच्या कथा कँप ४ वर कुणीही सांगेल. भाच्याने फुगवट्याच्या बुडाशी एक नट लावला, वाकून निरखला, शेजारी दुसरा लावला. त्याचा हात मागच्या कॅमांकडे गेला आणि परत आला. मी दोर किंचित आखडला. तो वर गेला.

माझी पाळी आली तेव्हा दोर वरून होता, त्यामुळे घोट्याची चिंता नव्हती, गुडघ्याची होती. सह्याद्रीत अशा काठावर पोहोचलं की वर गवत असतं आणि त्या गवताला हात घालायचा मोह मोडणं हीच खरी चढाई असते. इथे नुसता स्वच्छ, उतरता दगड. तळवे टेकले, अंग उचललं, पाय आणला. गुडघा काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. उभी राहिले.

माथ्यावर सावलीत बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. भाच्याने जुनं भांडण उकरून काढलं: “आता सांग, आपल्याकडे असं का करत नाहीत?”

मी त्याला १९७० ची गोष्ट सांगितली, जी त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. त्या वर्षी वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल एल कॅपिटनच्या एका कोऱ्या भागावर २७ दिवस राहून, तीनशेच्या आसपास छिद्रं पाडत वर गेले. रॉबिन्सला हे मान्य नव्हतं. पुढच्या वर्षी डॉन लॉरियाला घेऊन तो त्याच मार्गावर चढला आणि हार्डिंगचे बोल्ट छाटत निघाला. काही टप्पे गेल्यावर मात्र त्याने छिन्नी आवरती घेतली, कारण पुढची चढाई त्याच्या अपेक्षेहून फार सरस निघाली. बोल्ट दिसले म्हणजे चढाई हलकी, हे गृहीत त्याचं त्यालाच सोडावं लागलं.

“म्हणजे तू हार्डिंगच्या बाजूची.”

“मी बसॉल्टच्या बाजूची.”

त्याला मी सगळं सांगितलं. नट धरतो तो भेगेच्या दोन भिंतींच्या जिवावर. भिंतच थरातून सुटणारी असेल तर नट चांगला बसूनही उपयोग नाही. आमच्या भेगांत चार महिने पाणी वाहतं, माती साठते, मुळं दगड उचकटतात. आमचे पूर्वजही कातळ न दुखवता चढले नाहीत. त्यांनी पायऱ्या कोरल्या, खोबण्या पाडल्या. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या पायऱ्या १८१८ नंतर इंग्रजांनी उडवल्या, म्हणून आज तिथे त्या तुटलेल्या जागी बोल्ट आणि दोर लागतात. त्या बोल्टांवर शनिवार-रविवारी किती माणसं लोंबकळतात, आणि त्यांतल्या कितींना आपण लटकतोय तो बोल्ट कुणी, कधी, कसा बसवला हे ठाऊक असतं? पावसात गंजणाऱ्या त्या लोखंडावर लोक डोळे मिटून भार टाकतात. माझी तक्रार त्या मिटलेल्या डोळ्यांबद्दल आहे.

“मग नटाने डोळे उघडतात असंच तर मी म्हणतोय,” तो म्हणाला. “तू आज दुसऱ्या टप्प्यावर जितकी भेग बघितलीस तितकी सह्याद्रीत कधी बघितली होतीस? बोल्ट दिसला की भेग कोण शोधतं? कदाचित असतील चांगल्या. कुणी बघितलंच नसेल.”

हे मात्र मला खोडता आलं नाही. तीस वर्षांपूर्वी जे कातळ मी मेख-हातोड्याने चढले, त्यांतल्या अनेक भेगा आता मला मेखेच्या मापानेच आठवत होत्या: इथे पातळ पट्टी, तिथे जाड. भेग आतून कशी होती, खाली निमुळती होती का, हे आठवेना, कारण हातोड्याला ते जाणून घ्यायची गरजच नव्हती.

उतार डावीकडच्या घळीतून, पायवाटेने. गाडीपाशी आल्यावर ताडपत्रीवर नट पुन्हा मांडले. मापाने ओळ लावली, एकही जागा रिकामी नव्हती. आदल्या संध्याकाळचं कुंकू दोन-तीन नटांच्या तारेत अजून अडकलेलं होतं. कॅम मात्र कोरे करकरीत.

“डिसेंबरात येतोय,” भाचा म्हणाला. “नाशिकच्या आसपास एक भेग शोधून ठेव. आणि या वेळी हातोडा घरी ठेवायचा.”

“हातोडा घेणार,” मी म्हटलं. “आधी दोन्ही बाजूंचा दगड ठोकून ऐकेन. पोकळ वाजला तर तुझे नट पिशवीतच राहतील.”

“आणि भरीव वाजला तर?”

“तर लीड माझा. तू मागून येऊन काढ.”